भाड्याचा रुपया आणि त्याचे वाटेकरी

‘कर’ या शब्दाचे आपल्या भाषेत तीन अर्थ आहेत. कर म्हणजे हात, कर म्हणजे सूर्याचा किरण आणि कर म्हणजे राज्यास द्यावयाचा द्रव्याचा अंश. पहिल्या अर्थाचा कर जे मिळवितो, त्यातूनच तिसऱ्या अर्थाचा कर दिला जातो. परंतु हाताने मिळविले किती, त्यातून खर्ची पडले किती आणि देणे किती निघते, हे ज्यास नेमके सांगता येत नाही त्याला मिळविण्याचा आनंदही पुरता लाभत नाही व देण्याची भीतीही सुटत नाही. कष्टाळू माणसावर अशी पाळी येऊ नये, म्हणून आम्ही आज एका अगदी साध्या, परंतु पुष्कळ घरांशी संबंध असलेल्या विषयाची ओळख वाचकांस करून देणार आहोत. तो विषय म्हणजे नोकरी सांभाळून फावल्या वेळात रिक्षा वा टॅक्सी चालविणाऱ्या माणसाचा हिशेब आणि त्याचा कर.

भाड्याने माणसे व माल वाहून नेण्याचा व्यवसाय आमच्या बुऱ्हाणपुरास नवा नाही. मोगलांच्या अमदानीत सुरतेच्या बंदराकडून आग्र्यास जाणारा मोठा रस्ता या शहरावरून जात असे. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली येथे उतरला होता आणि पुढे ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने येथील कापडाच्या व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले. त्या काळच्या गाडीवानांची जागा आज ऑटोरिक्षा आणि ई-रिक्षा यांनी घेतली आहे. लालबागेतील रेल्वे स्थानकावर उतरलेला प्रवासी, दर्गा-ए-हकीमीस निघालेला बोहरी यात्रेकरू, असीरगड पाहावयास आलेली मंडळी, या सर्वांना वाहून नेणारे हात आपल्यातलेच आहेत. दिवसा यंत्रमागावर, दुकानात वा कचेरीत काम करून संध्याकाळी चार तास रिक्षा फिरविणारा गृहस्थ आपल्या ओळखीचा असतो. क्वचित् तो आपल्या घरचाही असतो. पोटापाण्यासाठी इंदूर, पुणे वा मुंबई गाठलेले आपले तरुण तेथे ॲपवरून सवाऱ्या घेतात. ओला ही कंपनी २०१० साली निघाली, उबर २०१३ साली भारतात आली आणि तेव्हापासून मोठ्या शहरांत या अर्धवेळ धंद्याचा विस्तार झपाट्याने झाला.

पगार आणि भाडे

पगार आणि भाडे हे दोन्ही श्रमाचेच मोल. तथापि दोहोंत एक मोठा भेद आहे. पगार हाती पडण्यापूर्वीच त्याची वाटणी कोणीतरी करून ठेवलेली असते. भविष्यनिर्वाह निधी लागू असलेल्या ठिकाणी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बारा टक्के रक्कम कापली जाते आणि मालकही तितकीच भर घालतो. आयकर देय असेल तर तो दरमहा उगमस्थानीच कापून घेतला जातो. वर्षअखेर मालक त्याचे प्रमाणपत्र देतो. थोडक्यात, नोकरदार मनुष्य जो पगार घरी आणतो तो गाळून घेतलेला असतो.

भाड्याची गोष्ट निराळी. सवारी उतरते, शंभराची नोट वा मोबाइलवरील जमा हाती येते आणि ती संपूर्ण आपलीच आहे असे वाटते. रात्री खिसा चाचपला की तो भरलेला लागतो आणि फसगत होते ती येथेच. त्या एका रुपयाला तीन वाटेकरी असतात. पहिला वाटेकरी गाडी, दुसरा सरकार आणि तिसरा आपलेच उद्याचे आयुष्य. नोकरीत ही वाटणी करावयास कचेरी असते. रिक्षावर बसलेल्या माणसास स्वतःच स्वतःची कचेरी व्हावे लागते.

पहिला वाटेकरी : गाडी

आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एक गृहस्थ दिवसा एका दुकानात हिशेबनिसाचे काम करतात आणि संध्याकाळी स्वतःची रिक्षा चालवितात. महिन्यातील २५ दिवस, दिवसाला सरासरी ७०० रुपये भाडे मिळाले, तर महिन्याची ढोबळ आवक १७,५०० रुपये झाली. आता खर्च पाहू. इंधन ५,०००, तेलपाणी, टायर व दुरुस्ती १,२००, विमा, परवाना व योग्यता प्रमाणपत्र यांचा दरमहा पडणारा हिस्सा ९००, गाडीच्या कर्जावरील व्याज ९००, ॲपचे कमिशन व मोबाइल १,०००. ही बेरीज ९,००० रुपये होते. शिल्लक उरले ८,५००.

येथेच थांबले तर हिशेब अपुरा राहील. कारण गाडी दररोज थोडी थोडी झिजत असते. २,४०,००० रुपयांची गाडी आठ वर्षे टिकेल असे धरले, तर दरवर्षी ३०,००० आणि दरमहा २,५०० रुपये झिजेपोटी बाजूला काढावयास हवेत. यासच घसारा म्हणतात. तो वजा जाता खरी कमाई राहिली ६,००० रुपये. म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार मिळविणाऱ्या हाताची वास्तविक मिळकत सहा हजार आहे; वर्षाची ७२,०००. ज्याने हा हिशेब केला नाही तो साडेसतरा हजारांच्या भरवशावर हप्ते बांधून घेतो आणि आठव्या वर्षी गाडी थकली म्हणजे पुन्हा सावकाराच्या दारी उभा राहतो.

खर्च कशास म्हणावे याचेही काही नियम आहेत. कर्जाच्या हप्त्यातील व्याज हा धंद्याचा खर्च होय. मुद्दलाची परतफेड हा खर्च नव्हे, कारण मुद्दलाच्या बदल्यात गाडी आपली होत असते. दुसऱ्याची रिक्षा रोजाने घेऊन चालविणाऱ्यास मालकास दिलेले भाडे खर्चात धरता येते. मुलांना शाळेत सोडण्यासाठी जाळलेले इंधन धंद्याच्या खर्चात येत नाही. सिग्नल मोडल्याबद्दल भरलेला दंडही येत नाही. कायदा मोडण्याची किंमत कायदा स्वतः सोसत नाही. घसाऱ्यासाठी आयकराचा दर निराळा आहे. भाड्याने चालविल्या जाणाऱ्या टॅक्सीवर उतरत्या किमतीच्या तीस टक्के इतका घसारा मिळतो. आम्ही वर धरलेली आठ वर्षांची सरळ वाटणी ही घरच्या समजुतीसाठी आहे.

दुसरा वाटेकरी : सरकार

आपल्या देशात आधुनिक आयकर १८६० साली जेम्स विल्सन याने आणला. १९६१ चा आयकर कायदा १ एप्रिल १९६२ पासून अंमलात आला आणि सहा दशकांहून अधिक काळ तोच चालला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. भाषा व कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी आपण येथे पाहणार आहोत ती मूलतत्त्वे तीच आहेत.

पहिले तत्त्व हे की, ‘अर्धवेळ धंद्याचा’ असा वेगळा आयकर नाही. पगार, धंदा, व्याज अशा सर्व वाटांनी आलेले उत्पन्न एकत्र करावयाचे आणि त्या बेरजेवर कर आकारावयाचा. यास्तव ‘रिक्षाचे पैसे वरकमाईचे आहेत, त्यांस कोण विचारतो’ ही समजूत चुकीची आहे. मालकास केवळ पगार ठाऊक असतो. वरची बेरीज ज्याची त्यालाच करावी लागते.

दुसरे तत्त्व अनुमानित उत्पन्नाचे. लहान धंदेवाल्यास प्रत्येक पावती जपणे कठीण, हे कायद्याने ओळखले आहे. १९६१ च्या कायद्यातील कलम ४४-एडी प्रमाणे वर्षाची ढोबळ आवक २ कोटी रुपयांपर्यंत असेल, तर रोख आवकेच्या किमान ८ टक्के आणि बँकेमार्फत वा मोबाइलवरून आलेल्या आवकेच्या किमान ६ टक्के इतके उत्पन्न मानून विवरणपत्र भरता येते. ही सोय नव्या कायद्यातही ठेवलेली आहे. मग निराळा खर्च दाखवावा लागत नाही व विस्तृत हिशेबवह्याही ठेवाव्या लागत नाहीत. मात्र ‘किमान’ हा शब्द वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा. प्रत्यक्ष मिळकत त्याहून अधिक असेल तर अधिक दाखविण्याची तरतूद त्याच कलमात आहे. आमच्या उदाहरणात वर्षाची आवक २,१०,००० रुपये; ती सर्व रोख धरली तर आठ टक्के म्हणजे १६,८०० होतात. परंतु घरच्या हिशेबाने खरी मिळकत ७२,००० आहे. यांपैकी कोणता आकडा लिहावा, याचे उत्तर प्रामाणिकपणा एक देतो. आणि स्वार्थही तेच देतो, हे पुढे दिसून येईल.

आता कराचे दर पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांपर्यंतच्या भागावर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, असे दर चढत जातात आणि २४ लाखांवरील भागास ३० टक्के लागतात. एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर आकारलेला कर संपूर्ण माफ होतो. पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. धंद्याच्या उत्पन्नातून ती मिळत नाही.

या दरांनी तीन माणसांचा हिशेब करून पाहू. आपल्या हिशेबनीस गृहस्थांचा वार्षिक पगार ३,६०,००० धरला, तर वजावटीनंतर २,८५,००० उरतात. त्यात रिक्षाचे ७२,००० मिळविले की ३,५७,००० होतात. ही रक्कम चार लाखांच्या आत आहे, कर नाही. दुसरा माणूस पुण्याच्या कारखान्यात वर्षाला ७,२०,००० पगार घेतो आणि रात्री टॅक्सी चालवून खर्च वजा जाता १,५०,००० मिळवितो. त्याचे उत्पन्न ७,९५,००० होते. त्यावर १९,७५० रुपये कर निघतो. परंतु तो माफ होऊन देणे शून्य येते. तिसरा माणूस मोठ्या पगाराचा आहे. त्याचा पगार १२,५०,०००; वजावटीनंतर ११,७५,०००. केवळ पगारावर त्याला एक पैसाही कर नाही, म्हणून मालकाने काहीही कापलेले नाही. पण सुट्टीच्या दिवशी गाडी चालवून त्यानेही १,५०,००० मिळविले. आता बेरीज १३,२५,००० झाली, बारा लाखांची रेषा ओलांडली गेली, माफी संपली आणि ७८,७५० रुपये कर व त्यावर चार टक्के उपकर मिळून ८१,९०० रुपयांचे देणे उभे राहिले. दीड लाख मिळविणाऱ्याने ते सगळे खर्चून टाकले असतील, तर हे पैसे तो आणणार कोठून? वरकमाईचा हिशेब वेळीच करावा असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

दुसऱ्या माणसाच्या उदाहरणातून आणखी एक बोध घ्यावयाचा. कर शून्य असणे आणि विवरणपत्र भरण्याची गरज नसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. वजावटीपूर्वीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा, म्हणजे नव्या पद्धतीत ४ लाखांपेक्षा, अधिक असेल तर देणे शून्य असूनही विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. शिवाय नोकरदारांसाठी असलेले ‘सहज’ नावाचे विवरणपत्र अशा माणसास चालत नाही. अनुमानित धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याने ‘सुगम’ हे विवरणपत्र भरावयाचे असते. जुनी करपद्धतीही अजून उपलब्ध आहे. मात्र केवळ पगारदार मनुष्य दरवर्षी हवी ती पद्धत निवडू शकतो, तशी मोकळीक धंद्याचे उत्पन्न असणाऱ्यास नाही. तो एकदा जुन्या पद्धतीकडे वळला, तर नव्या पद्धतीत एकदाच परत येऊ शकतो. म्हणून हा निर्णय जाणत्या माणसास विचारूनच घ्यावा.

वर्षाअखेर १०,००० रुपये वा अधिक कर देणे निघत असेल तर तो आगाऊ भरावा लागतो. अनुमानित पद्धत घेणाऱ्याने तो एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरावयाचा असतो. इतरांसाठी १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च असे चार हप्ते आहेत. चुकल्यास दरमहा एक टक्का दराने व्याज चढते.

ॲपवरून मिळणाऱ्या भाड्यास आणखी एक नियम आहे. ऑक्टोबर २०२० पासून ॲपच्या कंपनीने चालकाच्या ढोबळ भाड्यातून एक टक्का कर उगमस्थानी कापावा असे ठरले. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दर एक दशांश टक्क्यावर आला. वर्षाचे भाडे ५ लाखांच्या आत असेल आणि चालकाने आपला पॅन वा आधार क्रमांक दिलेला असेल, तर काहीच कापले जात नाही. पण क्रमांकच दिला नाही तर पाच टक्के कापले जातात. २,१०,००० रुपयांवर ही कपात १०,५०० रुपये होते. केवळ एक क्रमांक न दिल्याने पावणेदोन महिन्यांची खरी कमाई अडकून पडावी, ही केवढी हानी! अशी कापलेली रक्कम परत मिळविण्याचा मार्गही विवरणपत्राचाच आहे.

वस्तू व सेवा कराविषयीही थोडे सांगावयास हवे. हा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. स्थानकावर हाक मारून ठरविलेल्या रिक्षावर, मग ती ई-रिक्षा का असेना, हा कर नाही. तीच रिक्षा कमिशन घेणाऱ्या ॲपवरून बोलाविली तर १ जानेवारी २०२२ पासून भाड्यावर कर लागतो. टॅक्सीच्या भाड्यावर तो त्याआधीपासूनच आहे. सामान्यतः दर पाच टक्के असून तो प्रवाशाकडून घेऊन सरकारात भरण्याची जबाबदारी ॲपच्या कंपनीवर असते, चालकावर नसते. यास्तव ‘जीएसटी भरावा लागेल’ या धास्तीने लहान चालकाने झोप घालविण्याचे कारण नाही.

तिसरा वाटेकरी : उद्या

आता आपण क्षणभर समुद्रापार जाऊ. अमेरिकेत उबर वा लिफ्ट या कंपन्यांसाठी गाडी चालविणाऱ्या माणसास आयकराखेरीज एक निराळा कर द्यावा लागतो. त्यास तेथे स्वयंरोजगार कर म्हणतात. वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलर झाला की तो लागू होतो. त्याचा दर १५.३ टक्के, त्यापैकी १२.४ टक्के वार्धक्य व अपंगत्व यांच्या निवृत्तिवेतनासाठी आणि २.९ टक्के वृद्धांच्या औषधोपचारासाठी असतात. नोकरदार माणसाच्या बाबतीत या रकमेचा निम्मा भार मालक उचलतो. स्वतंत्र धंदा करणारा स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर, म्हणून दोन्ही वाटे त्याच्याच अंगावर पडतात. तेथील चालक म्हणूनच धंद्यासाठी काटलेल्या प्रत्येक मैलाची नोंद वहीत करून ठेवतात. नफा योग्य तितकाच दिसावा आणि कर अकारण वाढू नये, हा त्यामागील हेतू.

आपल्याकडे असा सक्तीचा कर नाही. ही सवलत खरी आहे. परंतु वार्धक्य कोणास सवलत देत नाही. अमेरिकन चालकाकडून जे कायदा काढून घेतो व म्हातारपणी परत देतो, ते आपल्या चालकाने स्वतःच्या हाताने काढून ठेवावयाचे आहे. भविष्यनिर्वाह निधीत मालक भर घालतो ती पगारावर. रिक्षाच्या कमाईवर भर घालणारा कोणी नसतो.

या दिशेने शासनाने काही पावले उचलली आहेत. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम ही व्यवस्था सुरू झाली. २०२० साली संमत झालेली सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. ॲपवर काम करणाऱ्यांची कायद्यात व्याख्या तिने केली आणि ॲपच्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, परंतु कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षेसाठी द्यावेत असे ठरविले. तरीही स्वतःची बचत हाच मुख्य आधार होय. २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वर्षांच्या माणसास साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांचे निवृत्तिवेतन मिळते. मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यास तीत नव्याने प्रवेश नाही. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते मात्र कोणाही रहिवाशास टपाल कचेरीत उघडता येते. वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी ते चालू राहते. सहा हजारांच्या खऱ्या कमाईतून दरमहा सहाशे जरी तेथे गेले, तरी तिसऱ्या वाटेकऱ्याची ओळख ठेवल्यासारखे होईल.

कागदाची साक्ष

कर लागतच नसेल तर विवरणपत्र भरण्याची आणि खरा आकडा लिहिण्याची उठाठेव कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर दोन ठिकाणी मिळते. एक बँकेत आणि दुसरे न्यायासनापुढे.

नवी गाडी घेण्यासाठी वा घर बांधण्यासाठी कर्ज मागावयास गेले की बँक नोकरदाराकडे पगारपत्रक मागते आणि धंदेवाल्याकडे मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे. ज्याच्यापाशी ती नाहीत त्याला महाग व्याजाच्या दारी जावे लागते.

दुसरी गोष्ट सांगताना मन जड होते. पण रस्त्यावर पोट असणाऱ्याच्या कुटुंबाने ती जाणून घेतलीच पाहिजे. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने झालेल्या अपघातात चालकाचा मृत्यू झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याच्या कुटुंबास भरपाई ठरवून देते. ती कशी मोजावी हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या प्रकरणांत निश्चित केले आहे. प्रथम मृताचे वार्षिक उत्पन्न ठरवावयाचे. तो स्वतंत्र धंदा करणारा व चाळिशीच्या आतला असेल तर भावी वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवावयाचे. त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे चार ते सहा असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करावयाचे. मग वयाप्रमाणे ठरलेल्या अंकाने गुणावयाचे. ३१ ते ३५ वयासाठी तो अंक १६ आहे.

आता आपल्या उदाहरणातील रिक्षाच्या उत्पन्नापुरता हा हिशेब मांडून पाहा. विवरणपत्रात ७२,००० लिहिले असतील, तर त्यात ४० टक्के मिळवून १,००,८०० होतात. एक चतुर्थांश वजा जाता ७५,६०० उरतात. त्यांस १६ ने गुणले की १२,०९,६०० रुपये येतात. आणि विवरणपत्रात नुसते १६,८०० लिहिले असतील तर? त्याच रीतीने केवळ २,८२,२४० रुपये येतात. अंतर नऊ लाखांहून अधिक! प्रत्येक प्रकरणी न्यायाधिकरण समोर आलेला पुरावा पाहूनच निर्णय देते हे खरे. परंतु उत्पन्नाचा पुरावा म्हणून विवरणपत्रास मोठे वजन असते. अपघातानंतर घाईने भरलेल्या कागदाकडे मात्र संशयाने पाहिले जाते. आमच्या उदाहरणातील गृहस्थांना ७२,००० लिहिले काय किंवा १६,८०० लिहिले काय, कर शून्यच आहे. मग कमी आकडा लिहून त्यांनी काय वाचविले? काहीच नाही, उलट आपल्या मुलाबाळांचा आधार मात्र कमी करून ठेवला. स्वतः लिहिलेला अपुरा आकडा उद्या आपल्याच घराविरुद्ध साक्ष देतो.

घरातील कीर्द

हे सर्व साधावयास फार मोठी विद्या लागत नाही. जुने व्यापारी रोजची कीर्द लिहीत असत. तीच पद्धत येथे पुरेशी आहे. शंभर पानी वहीत रोज एक ओळ लिहावी आणि ओळीत सहा रकाने असावेत : तारीख, धंद्यासाठी धावलेले किलोमीटर, रोख भाडे, मोबाइलवर आलेले भाडे, इंधन व इतर खर्च, आणि शिल्लक. रोख व मोबाइलवरील भाडे निरनिराळे लिहावयाचे, कारण एकास आठ टक्के लागतात व दुसऱ्यास सहा. महिन्याच्या शेवटी बेरीज, घसाऱ्याची रक्कम निराळी, बचतीची रक्कम निराळी. विमा व दुरुस्तीच्या पावत्या त्याच वहीच्या पाठीमागच्या पाकिटात ठेवाव्यात. जेथे शंका येईल तेथे आयकर कार्यालय वा जाणता करसल्लागार यांस विचारावे. परंतु विचारावयास जाताना ही वही हातात असावी.

आणि येथेच आम्ही आमच्या विद्यार्थी मित्रांस हाक मारतो. शेकडेवारी, सरासरी, नफा-तोटा, सरळव्याज, हे सगळे तुम्ही वर्गात शिकला आहात. परीक्षेतील उदाहरणांत कोण्या अनामिक व्यापाऱ्याचा नफा तुम्ही अचूक काढता; मग आपल्या वडिलांच्या, काकांच्या वा मामांच्या रिक्षेचा नफा का काढू नये? दिवसभर नोकरी करून आणि रात्री दहापर्यंत गाडी हाकून जो माणूस दमून घरी येतो, त्याला त्या वेळी वही उघडण्याचे त्राण नसते. त्याने आकडे सांगावेत व तुम्ही लिहावेत. रोज पाच मिनिटांचे हे काम आहे. वर्षअखेर त्या वहीतून जी बेरीज निघेल, तीत तुमच्या घरातील कष्टाचा खरा आकडा असेल. तो आकडा जाणणारे घर सरकारचे देणे वेळेवर देते, बँकेपुढे ताठ मानेने उभे राहते आणि भरलेला खिसा पाहून भुलत नाही.